जीवराम नानांचं गाटर

१९९२ सालच्या गुढीपाडव्याला एरंडोलच्या जीवराम नानांनी गॅरेज बांधायला काढलं. त्यांच्या मालकीचं वाहन तेव्हा एकच होतं, ते म्हणजे सायकल, आणि ती ओसरीत भिंतीला टेकून समाधानाने उभी असे. वेगळ्या खोलीची मागणी तिने कधी केली नव्हती.

नाना गावातल्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं वजनकाट्यावर होते. कापसाने भरलेली बैलगाडी फाटकातून आत येई, काट्यावर चढे, नाना चाकांचा करकर आवाज ऐकून तिचं वजन मनाशी ठरवत आणि मग काटा काय म्हणतो ते बघत. दोन्हींत पाच-दहा किलोंचा फरक पडला, तर त्यांचा काट्यावरचा विश्वास थोडा कमी होई. अशा माणसाला निवृत्तीनंतर तोलायला काहीच उरत नाही. दोन वर्षं त्यांनी बाजारातली वांगी हातात घेऊन, भाजीवालीचं वजन कसं चुकतंय हे तिला सांगण्यात काढली. मग गॅरेज काढलं.

कारण अर्थातच जावई होते.

नानांना लता ही एकच मुलगी. तिला धुळ्याला हिंमतरावांकडे दिलेली. हिंमतरावांचं आग्रा रोडला पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. पंच्याऐंशीच्या दिवाळीला ते लताला घेऊन पहिल्यांदाच मोटारीतून एरंडोलला आले. पांढरी फियाट होती, जुनी घेतलेली, पण गल्लीला त्याचं काही नव्हतं. गल्लीने तिला नव्या गाडीचाच मान दिला. म्हणजे दिवसभर तिच्यावर बोटांनी नावं लिहिली. संध्याकाळी नानांना काळजी वाटायला लागली. एवढी गाडी रात्रभर उघड्यावर कशी ठेवायची? आपल्या जिनमध्ये फाटक आहे, दिवा आहे, राखणदार आहे. "आपल्या शब्दाला तिथे मान आहे," असं जावयांना सांगून त्यांनी फियाट काट्याशेजारी उभी करवली.

दिवाळीत जिन कापसाच्या गाड्यांनी भरलेली असते, हे नानांइतकं एरंडोलात कोणाला ठाऊक नव्हतं. पहाटे रांगेतला एक बैल बुजला आणि त्याच्या गाडीची दांडी फियाटच्या मागच्या काचेतून थेट आत गेली. हिंमतराव काही बोलले नाहीत. ते काही बोलले असते, तर नानांना पुढची सहा वर्षं बरी गेली असती. त्यांनी काचेच्या जागी गोणपाट बांधलं, लताला पुढे बसवलं आणि निघताना एवढंच म्हणाले, "बघू. गाडीला जागा झाली की येऊ."

त्यानंतर लता माहेरी राहायला आली नाही.

नाना वर्षातून दोनदा धुळ्याला जात, चहा घेत, लताला बघत, निघताना "या तिकडे" म्हणत. हिंमतराव "येऊ की" म्हणत. लता दारापर्यंत येई, आणि नाना कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राही. नानांनी मागे वळून बघितलं की ती हात हलवायची नाही, नुसती बघायची. एष्टीत बसल्यावर नानांना ते बघणं आठवे आणि पारोळा येईपर्यंत ते खिडकीबाहेर तोंड करून बसत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या लेकी येत, निंबांना झोके लागत, दुपारभर गाणी चालत. भिकुबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, दर आखाजीला लताला आवडतात म्हणून सांजोऱ्या तळत आणि दुसऱ्यांच्या लेकींना वाटून टाकत. त्या दिवसांत नाना घराचं मागचं दार लावून घेत. उन्हाची झळ येते, असं सांगत.

घरामागे मोकळं पटांगण होतं आणि त्या बाजूला गोठा. म्हैस विकल्यापासून तो रिकामाच होता. गोठ्याला पटांगणाच्या बाजूने नऊ फुटी दार काढलं, की फियाट सरळ आत. नानांनी रुंदी अंदाजाने धरली नव्हती. पौषात ते धुळ्याला गेले तेव्हा गाडी नेहमीप्रमाणे दुकानासमोर रस्त्यावर उभी होती. चाकाला काही लागलंय का बघतो, असं म्हणत त्यांनी ती खिशातल्या सुतळीने आडवी-उभी मोजली आणि सुतळीला गाठी मारून ती घरी आणली.

"जवाईनी गाडी, अन् घर आपलं पाडी ऱ्हायनात," भिकुबाई म्हणाल्या.

"पाडी नही ऱ्हायनू. दार करी ऱ्हायनू."

"नऊ फुटनं दार? हत्ती येवाव शे का?"

नानांनी पायात चपला घातल्या. ते लोटन मिस्त्रीकडे गेले.

लोटन मिस्त्री नानांच्या वर्गातला. चौथीत दोघं एकत्र नापास झाले होते, त्यामुळे त्यांच्यात औपचारिकता नव्हती. त्याने गोठ्याची भिंत पाहिली. दीड विटेची जाडी, वर माडीची भिंत, तिच्यावर धाब्याचं मातीचं छप्पर. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, बिडी पेटवली.

"नाना, भीत कोनबी फोडी. वरलं वजन कोन धरी?"

हा प्रश्न नानांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर द्यायला त्यांच्याइतका योग्य माणूस जिल्ह्यात नव्हता. त्यांनी त्याच रात्री पाटीवर हिशेब मांडला. एक वीट तोलली, एक घमेलं धाब्याची माती तोलली, लांबी-रुंदी-उंची धरली आणि सकाळी मिस्त्रीला सांगितलं, "साठ क्विंटल."

"म्हंजे?"

"म्हंजे कापूसन्या सात गाड्या. त्या दारना डोकावर उभ्या ऱ्हातीन. कायमन्या."

लोटनने नेहमीच्या सवयीने रेल्वेचे जुने रूळ सुचवले. गावात निम्म्या घरांच्या दारांवर रूळच होते. नाना म्हणाले, नाही, गाटर, म्हणजे लोखंडाची तुळई. जळगावहून आठ इंची दोन गाटरं आली, प्रत्येक अकरा फुटांचं. नानांनी ती घरी येण्याआधी जिनच्या काट्यावर नेऊन तोलली. काट्यावरच्या नव्या माणसाने काही म्हटलं नाही. जुन्या माणसांचं असं काही चालतं, हे त्याला सांगून ठेवलेलं होतं.

पुढचे आठ दिवस नानांच्या आयुष्यातले बऱ्यापैकी सुखाचे होते. गॅरेजचं दार म्हणजे आधी भिंत फोडायची आणि मग लोखंड ठेवायचं, अशी त्यांची समजूत होती. लोटनने ती पहिल्याच दिवशी दुरुस्त केली. आधी भिंत उचलून धरायची असते. दाराची जी वरची रेघ होती, तिच्यावर दीड फुटावर त्याने भिंतीला तीन आरपार भोकं पाडली, त्यांतून सागाचे जाड दांडे घातले आणि प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांखाली एकेक टेकू दिला. तीन आत गोठ्यात, तीन बाहेर पटांगणात. टेकूंच्या बुडाशी फळ्या, फळ्यांवर लाकडी पाचरा. पाचरा ठोकत गेलं की टेकू वर चढे आणि दांडा भिंतीच्या अंगाला घट्ट बसे. मग भिंत कापायला सुरुवात झाली. विटा एकेक निघत गेल्या आणि एका दुपारी नानांच्या घराला नऊ फूट रुंद भोक पडलं. वरची भिंत सहा लाकडांवर उभी होती. भिकुबाईंनी माडीवर जायचं बंद केलं. नाना मुद्दाम जाऊन आले.

भोकाच्या दोन्ही बाजूंना, भिंतीत एकेक फूट आत, काँक्रीटची बैठक घातली. ती धरल्यावर सहा माणसांनी दोर आणि बांबू लावून गाटरं चढवली. दोन्ही गाटरं एकमेकांना बोल्टाने जखडली. गाटर आणि वरच्या विटा यांच्यात बोटभर फट राहिली. लोटनने त्या फटीत लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि मग कोरडसर मसाला लाकडाच्या ठोकळ्याने ठासून ठासून भरला, जसं जिनमधले हमाल बोऱ्यात कापूस दाबतात तसं.

"आते धरनं का वजन?" नानांनी विचारलं.

"कसानं धरस? वजन आजून टेकूवर शे. गाटर नुसतं बठेल शे, पाहुणासारखं. मसाला पिकू दे. पंधरा दिन टेकूले हात लावानं नही."

पंधरा दिवस नाना रोज त्या मसाल्यावर पाणी मारत. संध्याकाळी गोठ्यात खुर्ची टाकून बसत आणि टेकूंमधून पटांगणाकडे बघत. गाडी कशी आत येईल, कुठे थांबेल, लता कुठल्या बाजूने उतरेल, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. ती डाव्या बाजूने उतरणार होती. म्हणून डाव्या बाजूची जमीन त्यांनी आधी सारवून घेतली. हिंमतरावांना अजून काही कळवलं नव्हतं. दार पुरं होऊ दे, मग पत्र टाकू: 'गाडीस जागा झाली आहे.' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा मनात लिहिलं होतं, की त्यातला 'आहे' काढावा की ठेवावा यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नव्हतं.

आखाजीला सहा दिवस उरले, तेव्हा लोटन हातोडा घेऊन आला. टेकूंना हात लावण्याआधी गोठ्यात एक चक्कर मारून म्हणाला, "नारळ कथा शे?"

नानांनी नारळ पुढे केला.

"तू का फोडस? घरनी लेक फोडस. चौकट ऱ्हावो का गाटर, वजन उतराना पहिले घरनी लेकना हात लागस. लेक कथा शे तुनी?"

"ती यी. गाडीमा यी."

"कवय?"

"जागा व्हयनी असं पत्र टाकसू, मंग."

लोटन फळीवर बसला. "आखाजी सहा दिनवर उनी. मुऱ्हाई कोन गया धुळाले?"

मुऱ्हाई म्हणजे मुराळी. आखाजीआधी माहेरचं माणूस लेकीच्या सासरी जातं, एक वेळ जेवतं आणि तिला घेऊन येतं. त्याला मूळ लावणं म्हणतात. मूळ आल्याशिवाय सून घराबाहेर पाऊल टाकत नाही आणि सासरचेही तिला टाकू देत नाहीत, कारण न बोलावता पोरगी पाठवली असं व्हायला नको. हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नानांनाही होतं. गाडी येण्याआधी दर आखाजीला तेच जात असत.

"गाडीवाला मानूसनी बायकोले मुऱ्हाई कसाना?" नाना म्हणाले. "तिले काय एष्टीमा आनू? शोभस का?"

शहाऐंशी साली त्यांचा पुतण्या भाईदास मूळ घेऊन निघालाही होता. नानांनी त्याला स्टँडवरून परत आणला होता. फियाटवाल्यांच्या दारात पिशवी घेऊन उभा राहशील आणि लताला धक्के खात आणशील, आपली काय इज्जत राहील, असं म्हणाले होते. भाईदासने पुन्हा विषय काढला नाही. भिकुबाईंनी पुढच्या वर्षी एकदा काढला. नानांनी "तुला त्यातलं कळत नाही" म्हटलं आणि त्या सांजोऱ्यांकडे वळल्या.

लोटनने हातोडा फळीवर ठेवला. मग म्हणाला, "सहा आखाज्या मूळ धाडं नही तू?"

"सहा."

"अन् इथे भीत फोडी ऱ्हायना."

नाना गाटराकडे बघत राहिले. गाटर नुसतं बसलेलं होतं.

"मी टेकू काढाव नही," लोटन उठत म्हणाला. "लेक लई ये. नही उनी, ते ऱ्हाऊ दे सात गाड्या टेकूवर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एष्टीने नाना धुळ्याला निघाले. धोतर परीटघडीचं, खांद्याला पिशवी, पिशवीत भिकुबाईंनी दिलेलं लुगडं आणि खण. मुराळी निघतो तसे ते निघाले. फक्त सहसा मुराळी पासष्ट वर्षांचा नसतो. लता नाही म्हणाली तर? सहा वर्षांनी आलेल्या मुळाला सासरचे नाही म्हणू शकतात. सासरच्यांच्या जागी नाना असते, तर नक्की नाही म्हणाले असते.

आग्रा रोडला उतरून ते दुकानाशी आले. फियाट रस्त्यावर उभी होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर कावळ्यांनी केलेलं काम. नाना तिच्याजवळ थांबले. ही गाडी त्यांनी इतक्यांदा इथेच पाहिली होती. हिंमतरावांच्या घराला गॅरेज नव्हतं, कधीच नव्हतं. सुतळीने मोजताना त्यांना गाडीची रुंदी दिसली होती; ती कुठे उभी आहे हे दिसलं नव्हतं.

दारात विहीणबाई मंजुळाबाई सुपात गहू घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नानांची पिशवी पाहिली, परीटघडी पाहिली, आणि सूप खाली ठेवलं.

"मूळ उनं का याही?"

"उनं."

"वाट चुकनं व्हतं का?"

"हा," नाना म्हणाले. "चुकनं व्हतं."

"सहा वरीस! आम्हले वाटनं, पोरगी जड व्हयनी तुम्हले. मी हिले म्हनू, तुना बाप काट्यावरला मानूस, वजन देखीसन लेक बलावस." त्या आत वळून ओरडल्या, "लता! पाटपानी लाव. माहेरनं मूळ उनं!"

लता आतून आली. तिच्या कानाजवळचे दोन-तीन केस पांढरे झाले होते. ते पौषातही असणार. नानांनी तेव्हा गाडी मोजली होती. ती पाया पडली आणि उठताना तिने पिशवीकडे बघितलं, मग नानांकडे.

जेवताना हिंमतराव दुकानातून आले. नानांनी घास हातात धरूनच एकदाचं सांगून टाकलं, की गाडीला जागा झाली की येऊ असं आपण म्हणाला होतात, म्हणून मी थांबलो.

"मी म्हणालो होतो?" हिंमतरावांनी डोकं खाजवलं. "असेन. काचेचा राग असेल. पण नाना, ती काच पुढच्याच आठवड्यात बसली हो." मग त्यांना शंका आली. "तुम्ही खरंच तेवढ्यासाठी..."

"नाही नाही," नाना घाईने म्हणाले. "तब्येत बरी नव्हती."

"सहा वर्षं?"

"मधून मधून."

मंजुळाबाईंनी नानांच्या पानात आणखी आमरस वाढला. एका मुराळ्याला वाढतात त्याच्या तिप्पट तरी झाला असावा. नाना निमूटपणे जेवत राहिले.

मुलं सुटीसाठी नाशिकला आत्याकडे गेलेली, त्यामुळे निघायला लताला वेळ लागला नाही. खरं तर अजिबातच लागला नाही. नाना हात धुऊन येईपर्यंत ती बॅग घेऊन दारात उभी होती. हिंमतराव गाडीने सोडतो म्हणाले. लता म्हणाली, "मूळ घेऊन आलंय माणूस, तर मुळाबरोबरच जाईन."

एष्टीत खिडकीची जागा मिळाली. नानांनी लताला तिथे बसवलं. मुकटी गाव मागे पडलं.

"बॅग एवढ्यात भरलीस?" नानांनी शेवटी विचारलं.

"भरलेलीच होती."

"म्हणजे?"

"दर वर्षी भरते. आखाजीच्या आठ दिवस आधी. मग आखाजी झाली की रिकामी करते." तिने हे गव्हाच्या भावासारखं सांगितलं. "पहिल्या वर्षी दोन दिवस दारातच बसले होते. सासूबाई म्हणाल्या, आत ये, ऊन लागेल."

"मला सांगायचं ना, लता. मी दिवाळीला यायचो, पौषात यायचो."

"मूळ मागायचं असतं का, नाना?"

नानांनी मान हलवली. मागायचं नसतं. त्यांनीच शिकवलेलं होतं तिला. पारोळा आलं, गेलं. या खेपेला खिडकीबाहेर तोंड करून लता बसली होती, आणि नाना समोरच्या सीटच्या पाठीवर कोणीतरी खिळ्याने कोरलेलं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. आयुष्यभर लोकांच्या गाड्या तोलल्या; त्यातली एकही त्यांनी दारात सहा वर्षं उभी ठेवली नव्हती.

घरी लोटन आधीच येऊन बसला होता. भिकुबाईंनी दारातूनच लेकीला बघितलं. आत जाऊन त्यांनी कढई चढवली आणि कढई चढवलेलीच ठेवून पुन्हा बाहेर आल्या. लताने हातपाय धुतले. स्टुलावर चढून गाटराला हळदकुंकवाची बोटं लावली, खाली उतरून नारळ फोडला.

"बाजूले व्हय, बेटा," लोटन म्हणाला.

त्याने गाटराखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुताची दोरी ताणली. मग एकेका टेकूखालची पाचर हळूच मागे ठोकायला लागला. एकदम कोणतीच काढली नाही. या टेकूला थोडी, त्या टेकूला थोडी, आतून एक, बाहेरून एक. नाना डोळे मिटून उभे होते. वरून थोडी माती सांडली. माडीची एक फळी कुईं करून थांबली. मग सगळं शांत झालं, आणि सहा टेकू आपापल्या जागी लटपटत उभे राहिले, काम संपलेल्या माणसांसारखे.

लोटनने दोरीशी डोळा लावला. "पाऊण सूत वाकनं, इंचना दहावा हिस्सा. उतरनं वजन."

"साठ क्विंटल," नाना म्हणाले.

"तू म्हनस ते साठ."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टेकू निघाले, दांडे निघाले, भोकं बुजली. घराच्या मागे नऊ फुटांचं स्वच्छ, रिकामं दार उघडं पडलं आणि पटांगणावरचा वारा सरळ आत घुसला. लता त्यात उभी राहून इकडे तिकडे बघत होती.

"म्हैस तर नाही आता. एवढं दार कशाला काढलं, नाना?"

लोटन मिस्त्री हातोडा पुसण्यात एकदम गढून गेला. भिकुबाईंनी नानांकडे पाहिलं.

"हवेसाठी," नाना म्हणाले.

"हवा येते खरी," लता म्हणाली. "मग माझं अंथरूण इथेच टाका. तिकडे दुपारी पडायला मिळत नाही."

तिने डाव्या बाजूला, सारवलेल्या जमिनीवर गोधडी टाकली आणि पाच मिनिटांत ती झोपली. तोंड किंचित उघडं, एक हात डोक्याखाली, पायांतली जोडवी उन्हात चमकत. सासरी कोणतीच बाई अशी झोपत नाही. नाना दाराशी खुर्ची टाकून बसले. पटांगणातली एक शेळी चौकशीला आली, तिला त्यांनी चप्पल दाखवून परत पाठवली. भिकुबाई चहाचं विचारायला आल्या तर त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

आखाजी चार दिवसांवर होती. आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी लेक पोचवायची, म्हणजे सात. आजचा निम्मा गेला होता. नानांनी खुर्ची थोडी सरकवली, तिच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून, आणि ते हलेल तसे तेही हलत राहिले.